पहिली तडतड

मी सकाळी सहाला उठतो आणि सात वाजून दहा मिनिटांनी कॉफी पितो. मधली सत्तर मिनिटं मी काय करतो, हे आमच्या घरात कोणी विचारत नाही. पूर्वी विचारायचे. मग मी सांगायचो. म्हणून आता विचारत नाहीत.

याला कारण आमचा मुलगा. तो बंगळुरूला नोकरी करतो. गेल्या गणपतीत घरी आला आणि माझ्या हातातल्या कपाकडे बघून, वडिलांना अजून दोनाचा पाढा येत नाही हे कळल्यासारखा चेहरा करून म्हणाला, "बाबा, तुम्ही पिताय ती कॉफी नाहीच."

"मग काय आहे?"

"डब्यावर वाचा."

डब्यावरचं अक्षर इतकं बारीक होतं, की ते वाचायला पंचांगासाठी घेतलेलं भिंग काढावं लागलं. कॉफी ५३ टक्के, चिकोरी ४७ टक्के. चिकोरी म्हणजे एका झाडाचं मूळ. ते भाजायचं, दळायचं आणि कॉफीत मिसळायचं. ४९ टक्क्यांपर्यंत मिसळायला कायद्याचीही हरकत नाही. म्हणजे तीस वर्षं ऑफिसात "मला चहा नको, मी कॉफीवाला" असं सांगून मी जो काही रुबाब केला, त्यातला जवळजवळ निम्मा या मुळाच्या जिवावर होता. निवृत्तीनंतर एखादी गोष्ट माणसाच्या मुळावर येते ती अशी.

मुलाने बॅगेतून एक पिशवी काढली. चिकमगळूरच्या मळ्यातली, अडीचशे ग्रॅम, अख्खे दाणे. त्यावर 'जैविक भारत'चं हिरवं चिन्ह होतं आणि कॉफी भाजल्याची तारीखही होती. चारच दिवसांपूर्वीची! आमच्या घरात इतकी ताजी गोष्ट फक्त दूध असते. आईने पिशवी हातात घेऊन उलटसुलट केली आणि म्हणाली, "भोक आहे रे हिला. बदलून आण."

"आजी, ते मुद्दाम ठेवलेलं असतं. भाजलेल्या दाण्यांतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो. भोक नसलं तर पिशवी फुटेल."

"म्हणजे दाणे अजून श्वास सोडताहेत?"

"तसंच म्हण."

"मग भाजलेत कशाला बिचाऱ्यांना," असं म्हणून तिने पिशवी लांब ठेवली.

बायकोने पिशवीची मागची बाजू वाचायला घेतली. जांभूळ, गूळ, संत्र्याची साल. "यात जांभूळ घातलंय?" तिने विचारलं.

"नाही गं आई, तशी चव लागते."

"गूळ?"

"नाही."

"संत्र्याची साल?"

"नाही."

"एवढं सगळं पिशवीवर छापलंय आणि आत काहीच नाही. अहो, ग्राहक मंचात जा."

मुलगा चार दिवसांनी परत गेला. पिशवी राहिली आणि मी राहिलो.

दाणे दळायचे कशात, इथपासून सुरुवात. घरात मिक्सर होता. मिक्सरमधून जे बाहेर आलं त्यात अर्धा इडलीचा रवा होता आणि अर्धी पिठीसाखर. भांड्यात आदल्या दिवशी लसूण-खोबऱ्याची चटणी झाली होती. त्यामुळे माझ्या आयुष्यातल्या पहिल्या सेंद्रिय, ताज्या भाजलेल्या कॉफीला जांभूळ आणि गुळासोबत लसणाचीही झाक आली. ती पिशवीवर छापलेली नव्हती. त्या रात्री जेवताना बायकोने चटणी तोंडात घातली, थांबली आणि म्हणाली, "याला कॉफीचा वास येतोय." मला ती चटणी बरी लागली. पण असं बोलून दाखवण्याची ती वेळ नव्हती.

म्हणून हाताने फिरवायची चक्की आली. जात्यासारखीच असते, दाणा मध्ये भरडला जातो. पंधरा ग्रॅम दाणे दळायला चार मिनिटं लागतात आणि उजव्या खांद्याला आठवडा. जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात. मला सुचलेलं इथे लिहिण्यासारखं नाही.

पंधरा ग्रॅम मोजायला काटा हवा. आमच्याकडचा स्वयंपाकघरातला काटा पाच किलोचा. त्याच्या दृष्टीने पंधरा ग्रॅम म्हणजे काहीच नाही. म्हणून ग्रॅमचा दहावा हिस्सा दाखवणारा काटा मागवला. तो आल्या दिवशी बायको आतून अंगठी घेऊन आली आणि तिने वजन केलं. "लग्नात तुमच्याकडून पाच ग्रॅमची म्हणून आली होती ना?" एवढंच म्हणाली. काट्यावर ४.२ होतं. कॉफीचा छंद इतक्या जुन्या जखमा उघड्या करेल, असं वाटलं नव्हतं.

मग पाणी. पंधरा ग्रॅमला अडीचशे मिलिलिटर, आणि तेही ९३ अंशांचं. उकळतं चालत नाही, कॉफी कडवट होते. ९३ अंश कसे कळायचे? घरातला तापमापक १०८ पर्यंत मोजतो, पण तो फॅरनहाइटचा, आणि तो कुणाच्या काखेत जाऊन आलाय याचा इतिहास सगळ्यांना माहीत होता. शेवटी मुलाने फोनवर सांगितलं, "पाणी उकळा आणि गॅस बंद करून मिनिटभर थांबा." मी जरा वाचन केलं. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच, त्यामुळे इथलं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. शंभरापर्यंत जाण्याचे कष्ट पुण्यातलं पाणीसुद्धा घेत नाही. म्हणजे माझं काम दोन अंशांनी हलकं झालं. हे मी बागेतल्या सकाळच्या मंडळात सांगितलं तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, "म्हणूनच आमच्याकडे तूरडाळ शिजत नाही," आणि पुढचा पाऊण तास तूरडाळीवर गेला.

खरी परीक्षा पुढे. कागदी गाळणीत भुकटी घ्यायची, त्यावर आधी तीसेक ग्रॅम पाणी घालायचं आणि अर्धा मिनिट नुसतं बघत बसायचं. कॉफी फुगते, बुडबुडे येतात, वायू निघून जातो. कॉफी ताजी असेल तरच फुगते. त्या अर्ध्या मिनिटात घरात कोणी हाक मारायची नाही, असा नियम मी केला होता. एकदा हाक आली. मी हात वर करून "थांब" अशी खूण केली. ती हाक "दूध उतू जातंय, गॅस बंद करा" अशी होती.

आणि पिणं! ते भुरक्यानेच करायचं. परीक्षक लोक चमच्यात कॉफी घेऊन फुर्रर्र करून ओढतात. हवेबरोबर ती जिभेवर सगळीकडे उडते, वास नाकात चढतो, मगच चव कळते. लहानपणी बशीतून चहा भुरकला म्हणून ज्या माऊलीने माझ्या पाठीत धपाटा घातला, ती आज शेजारच्या खुर्चीवर बसून माझा भुरका ऐकते आणि म्हणते, "उगीच मारलं मी. तेव्हाच क्लास लावायला हवा होता."

आईची कॉफी वेगळी. तिच्या लेखी कॉफी हे पेयही नाही, प्रसंग आहे. घरात कोणी आजारातून उठलं, मुलांची परीक्षा आली किंवा चहा न पिणारा पाहुणा आला, की कॉफी. दूध उकळायचं, नावाला पाणी, बरीच साखर, अर्धा चमचा पावडर आणि वर किसलेलं जायफळ. जायफळाने झोप येते, ही घरोघरची समजूत. म्हणजे एक पदार्थ जागं ठेवणारा आणि दुसरा झोपवणारा, दोघांना एकाच कपात कोंडायचं आणि निकाल पिणाऱ्यावर सोडायचा. परीक्षेच्या आदल्या रात्री ही कॉफी पिऊन मी पुस्तकावर डोळे उघडे ठेवून झोपलेलो आहे. मराठी घराने कॉफी घेतली खरी, पण तिचं वागणं बरं वाटेना म्हणून तिच्यावर लक्ष ठेवायला जायफळ नेमलं.

हे मी आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या त्या कागदातल्या काळ्या पाण्यावर कोण लक्ष ठेवतंय?"

सेंद्रिय या शब्दानेही बरंच घडवलं. पिशवीतल्या एका दाण्याला टाचणीच्या टोकाएवढं भोक होतं. बायकोने तो चिमटीत धरून दाखवला. "किडका आहे."

"तोच तर पुरावा," मी म्हणालो. "औषधं मारली असती तर किडा आला असता का?" तिला ते पटलं नाही, पण मी चढलो होतो. कॉफीची झाडं वर्षानुवर्षं उभी राहणारी, त्यामुळे मळा सेंद्रिय म्हणवून घ्यायला शेतकऱ्याला आधी तीन वर्षं रासायनिक खतं-औषधं बंद ठेवावी लागतात, तेव्हा कुठे प्रमाणपत्र मिळतं, हे मी सांगितलं. कर्नाटकात ही झाडं मोठ्या झाडांच्या सावलीत वाढतात, त्या झाडांवर मिऱ्यांचे वेल चढवलेले असतात, हेही सांगितलं. मग ओघात बाबा बुडन आले. सतराव्या शतकात हे सूफी संत हजहून परतताना येमेनच्या मोखा बंदरातून कॉफीच्या सात बिया लपवून घेऊन आले आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात त्यांनी त्या लावल्या, असं सांगतात. रुजणारं बी देशाबाहेर न्यायला तिथे बंदी होती. कोणी म्हणतं दाढीत लपवल्या, कोणी म्हणतं कमरेला बांधल्या. ही गोष्ट मी आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. गॅसचा सिलेंडर घेऊन आलेल्या मुलाला सांगितली तेव्हा सिलेंडर त्याच्या खांद्यावरच होता.

अडीचशे ग्रॅम सतरा दिवसांत संपले. मुलाला फोन केला. तो सहज म्हणाला, "काही लोक हिरवे दाणे आणून घरीच भाजतात." हे वाक्य त्याने माझ्यासमोर बोलायला नको होतं, असं त्याच्या आईचं आजही मत आहे.

हिरवे दाणे पाच किलोच्या खाली मिळेनात. पोतं दारात उतरलं तेव्हा बायको म्हणाली, "त्या बाबांनी सात बिया आणल्या आणि सगळ्या देशाला पुरल्या. तुम्ही पाच किलो कुणासाठी आणलेत?"

पहिल्यांदा भाजायला बसलो ती दुपार. लोखंडी कढई, मोठा गॅस, खिडक्या बंद, कारण वास बाहेर जाऊ द्यायचा नव्हता. पहिली पाच मिनिटं कॉफीचा वास आलाच नाही, गोठ्यातल्या ओल्या गवताचा आला. मग दाणे पिवळे झाले आणि भाकरी भाजल्यासारखा वास सुटला. मी वाचलेलं सगळं पाठ होतं: दोनशे अंशांच्या आसपास दाणे तडतडतात, ती पहिली तडतड. तिथून पुढे भाजत राहिलं तर आणखी बारीक, घाईची दुसरी तडतड होते. पहिली झाली की कॉफी पिण्याजोगी, दुसरीच्या पुढे गेली की कोळसा. अंतर मिनिटा-दोन मिनिटांचं.

पहिली तडतड झाली. लाह्या फुटल्यासारखी! मला भरून आलं. आणि दारावरची बेल वाजली.

सोसायटीचे सेक्रेटरी होते. "धूर दिसतोय खिडकीच्या फटीतून. वरच्या मजल्याचा फोन आला. काही जळतंय का?"

"नाही, कॉफी भाजतोय."

"कॉफी?"

हा प्रश्न मला वर्षभरात पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. मी बाबा बुडनपासून सुरुवात केली. मोखा बंदर सुटलं तेवढ्यात मागून दुसरी तडतड ऐकू आली, मग तिसरी. तिसरी असते हे कुठे लिहिलेलं नाही. आत गेलो तर कढईत राखुंडी तयार होती. आईने एक दाणा चिमटीत चुरला, बोट दातावरून फिरवून बघितलं आणि म्हणाली, "छान झालीय. फक्त थोडं मीठ आणि तुरटी हवी."

दुसऱ्या खेपेला तिनेच मला खुर्चीवर बसवलं. "तू बोलू नकोस, तू नुसता बघ." गॅस मध्यम केला. खिडक्या उघडल्या. उलथनं हातात घेतलं आणि हात थांबवला नाही. ८४ वर्षांची बाई, आयुष्यभर थालीपिठाची भाजणी, चकलीची भाजणी, रवा आणि शेंगदाणे भाजत आली. तिला तापमान विचारलं तर म्हणाली, "कसलं तापमान? वास बघ." दाण्यांचा रंग बदामी झाला, तडतड झाली आणि ती मनात दहा आकडे मोजून म्हणाली, "उतरव." मी मोबाइलवरच्या घड्याळात अजून चाळीस सेकंद बाकी आहेत असं दाखवलं. "त्याला कळतंय का भाजणी कधी खमंग झाली ते?" तिने कढई उतरवली. कढईत अगदी पिशवीतल्यासारखे दाणे होते. खमंग हा शब्द त्या पिशवीवर जांभळाच्या जागी छापायला हवा होता. पण तो इंग्रजीत येत नसावा.

भाजताना दाण्यांवरचं पातळ साल सुटतं. ते उडवायचं. आईने सूप काढलं आणि गॅलरीत उभं राहून दाणे पाखडले. कामाचा आनंद असा होता, की खाली बघायचं सुचलं नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या गच्चीत त्या दिवशी कुरडया वाळत होत्या. पाऊण तासाने त्या एक कुरडई ताटलीत घेऊन वर आल्या. पांढऱ्याशुभ्र कुरडईवर तपकिरी ठिपके होते.

"हे काय आहे?"

"सेंद्रिय आहे," मी म्हणालो. त्यानंतर दोन महिने आमच्याकडे त्यांची विरजणाची वाटी आली नाही.

किलोभर दाणे भाजून वजन केलं तर साडेआठशे ग्रॅम भरले. पाणी उडून जातं, साल जातं. बायकोने हिशेब मांडला: "दीडशे ग्रॅम कुठे गेलं? कुरडयांवर?"

आणि आता, ज्याच्यासाठी एवढा जीव टाकला ती घरी भाजलेली ताजी कॉफी प्यायची म्हणून मी चक्की काढली, तर वाचलं, की ती प्यायची नसते. भाजल्यावर चार-पाच दिवस दाणे ठेवून द्यायचे. आधी वायू निघून गेला पाहिजे, नाहीतर चव नीट उतरत नाही. म्हणजे ताजी कॉफी ताजी प्यायची नाही! मी दाणे पिशवीत घालून तोंड घट्ट बांधलं. सकाळपर्यंत पिशवी टम्म फुगली होती, पुरीसारखी. आई जाता-येता तिला टाचणी दाखवायची. मी दिवसातून चार वेळा पिशवीवर कान ठेवून बघायचो. आणि ते चार दिवस घरात दुसरी कॉफी नव्हती. चहा प्यायलो. चांगला होता. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

पाचव्या दिवशी नेमके अमरावतीचे मेहुणे आले. मी त्यांना समोर बसवून सगळं करून दाखवलं. दाणे मोजले, दळले, पाणी थांबवलं, कॉफी फुगवली. अडतीस मिनिटं लागली. पंधराव्या मिनिटाला ते म्हणाले, "चहापण चालंन." पंचविसाव्या मिनिटाला म्हणाले, "पाणीपण चालंन." शेवटी कप हातात दिला. त्यांनी आत बघितलं, मग माझ्याकडे.

"दूध?"

"नाही घालायचं."

"साखर?"

मी नुसता हसलो. त्यांनी डोळे मिटून एका दमात कप रिकामा केला, सर्दीचा काढा घेतात तसा, आणि तोंड पुसून विचारलं, "कुठली म्हणता?"

"चिकमगळूरची."

"अन् कर्नाटकात कायले गेलते? आपल्या चिखलदऱ्यात होते की कॉफी! महाराष्ट्रात तिथंच होते." हे खरं होतं आणि मला माहीत होतं. पण माझ्या व्याख्यानात अमरावती जिल्हा नव्हता. पुढचा तासभर त्यांनी मला चिखलदरा सांगितला. मला मध्ये बोलू दिलं नाही. एखाद्याला कॉफीबद्दल दुसऱ्याकडून ऐकावं लागणं किती कंटाळवाणं असतं, हे मला तेव्हा कळलं. मेहुण्यांचं असं होतं, माझं तसं नाही.

शेवटचा प्रसंग गेल्या आठवड्यातला. कॉफीचा चोथा झाडांना चांगला, असं कळल्याने मी तो बायकोच्या गुलाबाला घालायचो. कुंड्यांवर ती पहारा देऊ लागल्यावर मी तो सिंकमध्ये सोडायला लागलो. दीड महिन्यात सिंक तुंबलं. प्लंबर आला. खालचा पाईप उघडला तर आतून काळा, घट्ट चिखल धप्पकन बादलीत पडला.

"काका, डांबर ओतलं का यात?"

"कॉफी आहे. घरी भाजलेली."

"घरी?" तो पालथा पडून वर बघत म्हणाला. "घरी कशी भाजतात?"

मी खाली फरशीवर बसलो. पाईप बदलून त्याने सांध्याला सोल्यूशन लावलं होतं आणि ते सुकेपर्यंत त्याला निघता येणार नव्हतं. मी कॉफी केली. त्याने कप धरला आणि ऐकलं. मी बाबा बुडनच्या दाढीपर्यंत आलो तेव्हा त्याने "मग?" म्हटलं. आईच्या भाजणीला मान डोलावली. भाजल्यावर किती दिवस ठेवायची, हे त्याने आपणहून विचारलं. माझा आवाज दाटून आला. माझ्या मुलाने मला हे कधी विचारलं नव्हतं.

सगळं सांगून झालं. तो उठला, हातातला भरलेला कप सिंकमध्ये उपडा केला आणि वाकून ऐकलं.

"बघा काका, सरसर चाललंय. लाईन क्लिअर."

मग खिशातून वही काढून त्याने लिहिलं. पाईपचे चारशे, मजुरीचे तीनशे आणि खाली आणखी दोनशे.

"हे दोनशे कसले?" मी विचारलं.

"एक तास जास्त थांबलो ना काका."

बायको पर्स घेऊन बाहेर आली आणि तिने नऊशे रुपये मोजून त्याच्या हातावर ठेवले. "घे रे बाबा," ती म्हणाली. "आम्ही तर हे फुकट ऐकतो."